तापाच्या आधी डास मोजा: डेंग्यू रोखण्याची सुरुवात पाण्याच्या पिंपापासून

पावसाळ्यात एकाच चाळीतून लागोपाठ तापाचे रुग्ण येऊ लागले, की मी औषध लिहिण्याआधी एक प्रश्न विचारतो: "घरात पाणी कशात साठवता?" कुंभवली, बोईसर आणि तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या चाळींमध्ये उत्तर बहुधा एकच असते, निळ्या पिंपात. त्यावर रुग्ण म्हणतात, "पण डॉक्टर, पाणी तर स्वच्छ आहे. डास गटारात होतात ना?"

खरी अडचण इथेच आहे. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणाऱ्या एडीस इजिप्तीला मात्र साठवलेले स्वच्छ पाणी आवडते. शहरी भागात हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सीसुद्धा टाक्या, विहिरी आणि बांधकामावरच्या साठलेल्या पाण्यात वाढतो.

रुग्ण दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो

एडीसच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. या डासाने डेंग्यूच्या रुग्णाला चावा घेतला, की विषाणू त्याच्या शरीरात वाढून दुसऱ्याला देण्याजोगा व्हायला आणखी ८ ते १२ दिवस जातात. मग तो निरोगी माणसाला चावतो आणि त्या माणसाला ४ ते १० दिवसांनी ताप येतो. म्हणजे आज दवाखान्यात आलेला ताप ही दोन-तीन आठवड्यांपूर्वीची बातमी असते. म्हणूनच आरोग्य विभाग रुग्णांबरोबर डासांच्या अळ्याही मोजतो.

अळ्या कशा मोजतात?

आरोग्य सेवक किंवा आशाताई टॉर्च घेऊन तुमचे पिंप, कुंडी, टाकी पाहतात, त्याला कंटेनर सर्वेक्षण म्हणतात. समजा १०० घरे तपासली आणि १२ घरांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक १२. त्या घरांतली ४०० भांडी पाहिली आणि २० भांड्यांत अळ्या होत्या, तर भांडी निर्देशांक ५. दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक. इथे तो २०. कोणत्या वस्तीत आधी जायचे, हे अशा आकड्यांवरून ठरते. घर बंद ठेवले किंवा "आमच्याकडे काही नाही" म्हणून परत पाठवले, तर आकडा कमी दिसतो, डास कमी होत नाहीत.

हे सांगताना माझी स्वतःची चूकही सांगतो. एकदा सर्वेक्षणाला आलेल्या ताईंनी माझ्याच दवाखान्यातल्या फ्रीजमागचा ट्रे ओढून दाखवला. त्यात अळ्या वळवळत होत्या. रुग्णांना रोज सांगणारा मी, तिथे कधी वाकून पाहिलेच नव्हते.

क्युबाने दाखवलेली वाट

हाच एडीस डास आफ्रिकेतून जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर पोहोचला आणि तिथे पीतज्वराने हजारो माणसे मेली. हा रोग डास पसरवतो, असे क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडले. १९०० मध्ये ते प्रयोगांनी सिद्ध झाले. त्यानंतर १९०१ मध्ये हवाना शहरात घरोघर फिरून पाण्याची भांडी तपासण्यात आली, झाकण्यात आली, आणि काही महिन्यांतच पीतज्वर आटोक्यात आला. तेव्हा लस नव्हती, आजची कीटकनाशकेही नव्हती. आपण विहिरीत सोडतो ते गप्पी मासेही मूळचे त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले.

आपल्यासाठी धडा जवळचाच आहे. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर गावात सापडला. रोग नवा असला तरी डास जुनाच, आपल्या घरातला. झिकामुळे गर्भातल्या बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते, त्यामुळे गरोदर बाई असलेल्या घराने जास्त जपावे.

धूरफवारणी पुरेशी का नाही?

धूर आला की लोकांना बरे वाटते. पण धुराने फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात. एडीस घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो आणि दिवसा चावतो. पिंपातल्या अळ्यांना धुराचा काहीच त्रास होत नाही. आठवड्यात नवे डास तयार. साथ असताना फवारणीचा उपयोग आहे, पण ती पिंप घासण्याची जागा घेऊ शकत नाही.

आठवड्यातून एक कोरडा दिवस

- पिंप, हंडे, कूलर रिकामे करा आणि आतली बाजू घासून धुवा. एडीसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी असतानाही अनेक महिने टिकतात. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी तिथेच राहतात.
- पिंपाला घट्ट झाकण नसेल तर जुने सुती कापड ताणून बांधा.
- फ्रीजचा ट्रे, कुंडीखालची बशी, छतावरच्या ताडपत्रीचे खळगे तपासा.
- टायर, भंगार, शहाळ्याच्या कवट्या उघड्यावर ठेवू नका. भंगार गोदामवाल्यांनी माल शेडखाली ठेवावा.
- रिकामी न करता येणारी टाकी असेल तर आरोग्य सेवकाला टेमिफॉस टाकू द्या. योग्य मात्रेत ते सुरक्षित असते.
- गप्पी मासे विहिरीत, हौदात सोडा. नदी किंवा तलावात नको, तिथल्या स्थानिक माशांना ते त्रासदायक ठरतात.

एडीस सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे चाळीतल्या एका खोलीचे पिंप सगळ्या चाळीचे असते. सगळ्यांनी एकच वार ठरवा. भाडेकरू कारखान्यात पाळीवर असतील तर घरमालकाने लक्ष घालावे.

ताप आलाच तर

गावाहून परतल्यावर ताप आला तर हिवतापासाठी रक्त तपासून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. डेंग्यूची शंका असेल तर पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम तपासणी उपयोगी पडते. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याच्यापासून साखळी पुढे जाणार नाही.

डेंग्यूत ताप उतरताना धोका वाढतो, हे लक्षात ठेवा. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर "ताप तर गेला" म्हणून घरी थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

आणि पुढच्या वेळी आशाताई टॉर्च घेऊन दारात आल्या, की त्यांना आत बोलवा. फ्रीजमागचा ट्रे दाखवायला विसरू नका.