दरवाज्यावरचा आकडा

आपल्याकडे ट्रक ड्रायव्हरची परीक्षा गिअर टाकण्यावरून होते. बोरघाट चढताना कोणत्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं, हे इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ज्याला कळतं तो ड्रायव्हर. बाकीचे स्टिअरिंग धरून बसणारे. अमेरिकेत ही विद्या जवळजवळ लोपली आहे. जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये ‘हायड्रामॅटिक’ ही आपोआप गिअर बदलणारी पेटी आणली, आणि तिथल्या माणसाच्या डाव्या पायाला हळूहळू कायमची रजा मिळाली. मोठ्या पिकअप ट्रकमध्ये हातानं टाकायचा गिअर सगळ्यांत शेवटपर्यंत टिकवला तो रॅम कंपनीनं. २०१८ च्या मॉडेलनंतर तोही गेला. तिकडच्या माणसाला जास्त ओझं ओढायचं असलं की तो गिअर टाकण्याचा विचार करत नाही. अख्खी गिअरपेटीच बदलून दांडगी बसवून घेतो.

हा प्रकार मी जवळून पाहिला तो डेन्व्हरला पुतण्याकडे राहायला गेलो असताना. त्याच्या शेजारचे गृहस्थ लोकांच्या बागा आणि अंगणं करून देण्याचा धंदा करतात. हाताखाली दोन माणसं, एक जुना पिकअप आणि मागं यंत्रांचा ट्रेलर, एवढंच भांडवल. पिकअप ‘हाफ टन’ जातीचा. हे नाव जुन्या काळचं. आज त्या वर्गातल्या गाड्या अर्ध्या टनापेक्षा बरंच जास्त वाहतात, पण पिकअपांच्या कुटुंबात धाकटं भावंड ते धाकटंच. एके दिवशी त्यांची गिअरपेटी बसली. आतलं तेल मुळात लाल असतं. ते तपकिरी होऊन त्याला जळका वास येत होता. आहे ती पेटी दुरुस्त करावी, की दुपटीहून अधिक पैसे घालून हेवी ड्यूटी पेटी बसवावी, असा प्रश्न होता. गृहस्थांचा ओढा दुसरीकडे होता. मोठी पेटी आली की छोटं खोदाई यंत्र ट्रेलरवर घालून डोंगरातली कामं घेता येतील, असा त्यांचा मनसुबा. पुतण्या मला म्हणाला, ‘‘काका, तुम्ही जन्मभर टेम्पो-ट्रकना कर्जं दिलीत. तुम्हीच बोला त्यांच्याशी.’’

बोलण्याआधी ती पेटी समजून घेणं भाग होतं. समोरासमोर दोन पंखे ठेवले आणि एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला; झाला टॉर्क कन्व्हर्टर. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनं १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच दाबणारा पाय नको, कारण मध्ये तेलच आहे. पण तेलातून ताकद जाताना थोडी घसरते, आणि घसरलेल्या ताकदीची उष्णता होते. ओझं जास्त, चढ लांब आणि वेग कमी असला की ही उष्णता वाढत जाते. तेल तापलं की पातळ होतं, बिघडतं. मग आतल्या क्लच प्लेट घसरून जळतात. ऑटोमॅटिक पेटीचा खरा शत्रू ओझ्यापेक्षाही ही उष्णता आहे.

दांडगी पेटी म्हणजे नेमकं काय? शेजाऱ्यांची गाडी दुसऱ्या घराण्यातली. पण उदाहरणादाखल जनरल मोटर्सच्या दोन पेट्या घेऊ. एकीचं नाव ४एल६०-ई, दुसरीचं ४एल८०-ई. चार म्हणजे पुढचे चार गिअर, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक, आणि साठ-ऐंशी हा ताकदीचा तौलनिक दर्जा. ऐंशीची पेटी १९९१ पासूनची. तिचं मूळ १९६४ च्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० या नावाजलेल्या पेटीत. ती सुमारे ४० किलोनं जड. ती बसवायची तर पेटीखालचा आडवा टेकू सरकवावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, गाडीच्या कॉम्प्युटरला नवी पेटी ओळखायला शिकवावं लागतं. आणि गंमत पाहा, साठच्या पेटीचा पहिला गिअर ३.०६, ऐंशीचा २.४८. बाकी सारं तेच ठेवलं, तर जागेवरून उठताना चाकाला मिळणारा जोर दांडग्या पेटीत जवळपास एक पंचमांशानं कमीच! जड पेटी इंजिनाची ताकद वाढवत नाही. ती फक्त मार जास्त सोसते.

मग मी शेजाऱ्यांना दरवाजा उघडायला लावला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते. गाडी, माणसं, सामान आणि ट्रेलरचा गाडीवर येणारा भार मिळून कमाल वजन किती, ते तिच्यावर छापलेलं असतं. गाडी आणि ट्रेलर मिळून किती, हे गाडीच्या पुस्तकात सापडतं. पेटी बदलली म्हणून हे आकडे बदलत नाहीत. कारण ब्रेक तेच, ॲक्सल तोच, चासी तीच.

डेन्व्हरहून पश्चिमेला साठेक मैलांवर, अकरा हजार फुटांहून उंच जागी, आयसेनहॉवर बोगदा आहे. तिथपर्यंत चढताना पेटीची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकनं शिरावं म्हणून त्या उतारांवर खडी भरलेले चढाचे फाटे बांधून ठेवलेत. खालच्या गिअरात राहून पेटी उतरणीला थोडा हात देते, हे खरं. पण ट्रेलरवरच्या यंत्राला थांबवायचं काम शेवटी ब्रेकनाच करायचं असतं.

मी बँकेतले तीन प्रश्न विचारले. गाडी बंद पडली की दिवसाला किती बुडतं? खोदाई यंत्र वर्षातून किती दिवस लागेल? आणि उतारावर काही झालं, तर विमा कंपनी दरवाज्यावरचा आकडा पाहील की नाही? पहिल्या उत्तरात मोठ्या पेटीचं समर्थन होतं. गाडी उभी म्हणजे दोन माणसांचा रोजगार उभा. दुसऱ्या उत्तरात खोदाई यंत्राचा निकाल लागला. तिसऱ्यावर गृहस्थ काही बोलले नाहीत.

त्यांनी मोठीच पेटी बसवली. सोबत तेल थंड ठेवणारा मोठा कूलर आणि तेलाचं तापमान दाखवणारा काटा. ओझं मात्र पूर्वीचंच. खोदाई यंत्र ते भाड्यानं घेतात. भाडेवाला आपल्या ट्रकनं कामावर आणून टाकतो, आणि घाटाची काळजी त्याची.

बँकेत असताना माझ्याकडे मर्यादा वाढवून मागणारे दोन प्रकारचे लोक येत. एकाला चालू धंद्यातली ओढाताण थांबवायची असे. दुसऱ्याला वाढलेली मर्यादा हीच वाढलेली कमाई वाटे. अर्ज दोघांचा सारखाच दिसायचा. जादा ताकद राखीव ठेवायला घेतली तर ती वर्षानुवर्षं पुरते. लगेच वापरून टाकायला घेतली, तर साखळीतली पुढची कच्ची कडी तुटायची वाट पाहते, आणि ती कडी कधी कधी ब्रेकची असते.