पळायला लागलात आणि वजन वाढलं?

पंधरा दिवस घाम गाळून काटा वर सरकला, म्हणून पळणं सोडू नका. आधी समजून घ्या, वाढलंय ते नेमकं काय.

पहाटे साडेपाचचा अलार्म, नवेकोरे शूज आणि मेहरूण तलावाची फेरी. धुळ्यात असाल तर पांझराकाठचा रस्ता, नाहीतर गरुड मैदान. कुणाला पोट कमी करायचंय, कुणाला पोलीस भरती काढायचीय, कुणी मित्रांच्या नादाने ‘खान्देश रन’ मनावर घेतलंय. पंधरा दिवस इमानदारीत पळता, काट्यावर उभे राहता आणि बघता तर काय, वजन दीड किलोने जास्त! वर मित्र विचारतोच, ‘काय भो, पळून पळून जाडा झाला का?’

अशा वेळी अनेक जण दोनपैकी एक करतात. पळणं सोडून देतात, नाहीतर जेवण आणि पाणी तोडतात. पहिल्याने मेहनत वाया जाते. दुसऱ्याने जिवावर बेतू शकतं.

हे वजन कशाचं?

साधा हिशेब करा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. पंधरा दिवसांत दीड किलो चरबी चढायची तर रोज गरजेपेक्षा पावणेआठशे कॅलरी जास्त खायला हव्यात. तेवढं तुम्ही बहुधा खाल्लेलं नाही. ‘अरे, मसल बनतोय’ हेही मनाचं समाधानच. पळून पंधरा दिवसांत किलो-दीड किलो स्नायू कुणाचे वाढत नाहीत.

मग उरतं काय? मुख्यतः पाणी. ते तीन ठिकाणी साठतं.

पहिलं, दुखऱ्या पायांत. सवय नसताना पळालं की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून काढायला शरीर तिथे पाणी धरून ठेवतं. दुसरं, स्नायूंच्या शिदोरीत. रोज पळणार म्हटल्यावर स्नायू ग्लायकोजेन नावाची साखर जास्त साठवू लागतात आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. तिसरं, रक्तात. नियमित व्यायाम सुरू केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो.

हे तिसरं आपल्या खान्देशात फार कामाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा हवेत पळताना रक्ताला स्नायूही सांभाळायचे असतात आणि घाम काढून अंगही थंड ठेवायचं असतं. वाढलेलं पाणी त्यासाठीच असतं. म्हणजे काट्यावर जे वजन म्हणून दिसतंय, ती तुमच्या शरीराची उन्हाशी लढायची तयारी आहे.

म्हणूनच रेनकोट किंवा प्लॅस्टिक गुंडाळून पळणं, ‘वजन उतरावं’ म्हणून पाणी न पिणं, हे प्रकार बंद करा. त्याने चरबी जळत नाही, फक्त पाणी जातं. ते दोन तांब्यांत परत येतं, पण तोवर उष्माघात गाठू शकतो.

पण शेवेचाही हिशेब करा

महिना-दीड महिना झाला आणि वजन चढतंच आहे, तर मात्र ताटाकडे बघा. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोचा मुलगा चार किलोमीटर पळाला तर २६० कॅलरी. शेवभाजीतल्या फक्त ५० ग्रॅम शेवेत जवळपास तेवढ्याच असतात. तर्री, तेल आणि पोळ्या वेगळ्याच.

शिवाय पळून आल्यावर भूक लागते आणि ‘आज पळालोय ना’ म्हणत कचोरीवर जिलेबीही येते. दिवसभर थकवा म्हणून जिन्याऐवजी लिफ्ट, चौकापर्यंतही गाडी. पळण्यात कमावलेलं असं नकळत निसटतं.

खाणं जराही न वाढवता रोज चार किलोमीटर पळालात, तरी एक किलो चरबी जायला साधारण महिना लागतो. उलट मीठ, पाणी, जेवण यांमुळे काटा एका दिवसात किलोभर वर-खाली होतो. मुलींमध्ये पाळीच्या आधीही वजन वाढलेलं दिसतं. महिन्याची कमाई एका दिवसाच्या चढउतारात दडून जाते, ती अशी.

मग मोजायचं काय?

- रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा. एका दिवसाचा आकडा सोडा, आठवड्याची सरासरी बघा.
- बेंबीच्या रेषेत टेपने पोटाचा घेर घ्या, दर पंधरा दिवसांनी. वजन तेच आणि घेर कमी, तर गाडी रुळावर आहे.
- तेच अंतर घड्याळ लावून पळा. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि त्याचे गुण वेळेवर मिळतात, काट्यावर नाही.
- पळण्याआधी आपलं जळगावचं केळ पुरे. नंतर कळण्याची भाकरी, घट्ट वरण, ताक, अंडी किंवा मोड आलेली कडधान्यं. शेवभाजी आठवड्यातून एकदा, तीही मनापासून.
- आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती, दोन दिवस दंड-बैठका. झोप सात तास तरी हवीच.
- उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी या.

डॉक्टरांकडे कधी?

पायांवर सूज आहे आणि बोटाने दाबलं की खड्डा पडतो, बसल्या जागी दम लागतो, दोन-चार दिवसांत वजन झपाट्याने वाढतं, किंवा अंग प्रचंड दुखून लघवी काळपट होते, तर वाट बघू नका. सतत थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं आणि सोबत वाढतं वजन असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

यातलं काही नसेल तर पळणं चालू ठेवा. पहिले सहा आठवडे काट्याला फार भाव देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात जी चढण चढताना धाप लागायची, ती सहाव्या आठवड्यात गप्पा मारत चढाल. ही प्रगती कुठल्याच काट्यावर दिसत नाही.