कोरटकर पिता-पुत्र आणि मराठवाड्यातली वकिली

किल्ले धारूर म्हटले की बालाघाटाच्या डोंगरातला आदिलशाही सरदार किश्वरखानाचा किल्ला आठवतो, घाटाची वळणे आठवतात, आणि दिवाळीच्या आसपास पाट्या भरभरून येणारी सीताफळे आठवतात. निजामाच्या राज्यातील आर्य समाजाचा इतिहास सांगणारे मात्र पहिले नाव धारूरचे घेतात. हैदराबादच्या सुलतानबाजारातला समाज 1892 चा. त्याच्याही आधी बीड जिल्ह्यातल्या या छोट्या पेठेत समाजाची शाखा निघाली होती. धारूरला रुजलेल्या या चळवळीचे राजधानीतले नेतृत्व पुढे दोन पिढ्या एका वकील घराण्याकडे राहिले. केशवराव कोरटकर आणि त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार ही दोन नावे मराठवाड्याच्या नव्या पिढीला फारशी माहीत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

त्या काळची वकिली समजल्याशिवाय या दोघांचे मोठेपण समजत नाही. हैदराबाद संस्थानात कोर्टाची भाषा उर्दू. दावा उर्दूत, जबाब उर्दूत, निकालाची नक्कल उर्दूत, तारखा फसली सनाच्या. धारूर-केजच्या शेतकऱ्याच्या बांधावर भांडण झाले की त्याला आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे. मग वकील हाच त्याचा दुभाषा, तोच अर्ज लिहिणारा, तोच सरकारशी बोलणारा. अपील झाले तर थेट हैदराबाद गाठायचे. परळीला रेल्वे आल्यावर हा प्रवास थोडा सोपा झाला, पण पेशी पुढे ढकलली गेली की बैलजोडी विकून आणलेले पैसे मुक्कामातच संपत. राजकीय सभेला बंदी, वर्तमानपत्रावर नजर, आणि 1929 च्या ‘गश्ती निशाण 53’ नंतर तर परवानगीवाचून साधी सभाही भरवता येईना. अशा राज्यात सरकारपुढे उभे राहून, कायद्याचा आधार घेऊन, मोठ्याने बोलण्याची मुभा एकाच जागी उरली होती: कोर्टात. मराठवाड्याचे पहिले पुढारी वकील होते ते यामुळेच.

केशवराव कोरटकरांचा जन्म 1867 चा, वसमत भागातल्या पुरजळचा. गुलबर्ग्यात वकिली सुरू करून ते हैदराबादेत आले आणि तिथल्या नामांकित वकिलांत गणले जाऊ लागले. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. एवढ्यावर थांबले असते तर ते एका यशस्वी माणसाचे चरित्र झाले असते. पण वकिलीतून मिळालेली प्रतिष्ठा त्यांनी सार्वजनिक कामात ओतली. सुलतानबाजारच्या आर्य समाजाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. 1907 मध्ये सुरू झालेल्या विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीत वामनराव नाईकांसोबत त्यांचा मोठा वाटा होता. मराठी मुलांना मातृभाषेत शिकण्याची सोय त्या शहरात झाली, आणि मराठवाड्यातून शिक्षणासाठी गेलेल्या कित्येकांना तो आधार मिळाला. तेलुगू समाजाच्या ग्रंथालय चळवळीशीही त्यांचे नाते होते. 1932 मध्ये ते गेले तेव्हा संस्थानातल्या मराठी माणसाचा एक वडीलधारा गेला.

विनायकरावांची घडण वेगळी. हरिद्वारच्या गुरुकुल कांगडीत शिकून ‘विद्यालंकार’ झाले आणि मग इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर. वेद आणि इंग्रजी कायदा दोन्ही शिकलेला असा वकील संस्थानात विरळाच. आर्य प्रतिनिधी सभेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले ते कसोटीच्या वर्षांत. 1938 च्या डिसेंबरात उदगीरचे वकील भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात मरण पावले. त्याच महिन्यात सोलापूरला आर्य परिषद भरली, आणि अध्यक्षस्थानी होते यवतमाळचे वकील लोकनायक बापूजी अणे. निजाम सरकारविरुद्धचा 1939 चा सत्याग्रह तिथूनच उभा राहिला. एकामागून एक सर्वाधिकारी, म्हणजे सत्याग्रहाचे प्रमुख, तुकड्या घेऊन तुरुंगात गेले. आठवे सर्वाधिकारी विनायकराव. त्यांची तुकडी निघण्याआधीच सरकार नमले आणि ऑगस्टमध्ये सत्याग्रह मागे घेतला गेला.

माझ्या मते मात्र विनायकरावांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम 1948 चे. निजामाची पाठराखण करणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा स्वतः लातूरचा वकील. ज्या बाररूममध्ये काल एकमेकांना चहा विचारला जाई, तिथलाच एकजण आता सशस्त्र टोळ्यांचा नेता झाला होता. खेडी जळत होती, फिर्याद घ्यायला पोलीस तयार नव्हते. अशा वेळी संस्थानातल्या वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. विनायकराव त्यांच्या निषेध समितीचे प्रमुख होते. अत्याचारांच्या हकीकती गोळा करून बाहेर पोचवण्याचे कामही त्यांनी केले.

हा बहिष्कार सोपा नव्हता. वकिलाला पगार नसतो. पेशीला उभा राहिला तर फी, नाही तर काही नाही. तालुक्याच्या गावच्या वकिलाच्या घरी आठ-दहा माणसे त्या फीवर जेवत. शिवाय पक्षकार दारात येऊन बसे, त्याचा दावा बुडण्याची भीती खरी असे. तरीही वकिलांनी कामकाज सोडले. जिथे न्याय मिळत नाही तिथे न्यायाचा देखावा चालवायला आम्ही मदत करणार नाही, असाच त्याचा अर्थ होता. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि 17 तारखेला निजामाची राजवट संपली.

पुढे याच पेशातली माणसे राज्य चालवायला आली. 1952 च्या निवडणुकीनंतर बुर्गुला रामकृष्णराव मुख्यमंत्री, दिगंबरराव बिंदू गृहमंत्री, काशीनाथराव वैद्य विधानसभेचे सभापती. तिघेही वकील. विनायकराव त्या मंत्रिमंडळात होते, आणि 1957 मध्ये हैदराबादहून लोकसभेवर गेले. 1962 मध्ये त्यांचे निधन झाले. ही पदे मोठी खरी, पण मी तरी 1948 चे ते सोडलेले कामकाज त्यांच्यावर ठेवीन.

1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि धारूरच्या पक्षकाराचे हैदराबाद सुटून मुंबई मागे लागली. औरंगाबादला मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ व्हावे म्हणून मराठवाड्यातल्या वकिलांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. 27 ऑगस्ट 1981 रोजी तिथे कामकाज सुरू झाले. खंडपीठाच्या स्थापनेला आव्हान मिळाले, सुप्रीम कोर्टाने ती 1982 मध्ये योग्य ठरवली, आणि 1984 मध्ये खंडपीठ कायम झाले.

निजामकाळचे कागद आजही मेलेले नाहीत. इनाम जमिनीच्या दाव्यात मुंतखब, म्हणजे इनामाचा हक्क ठरवणारा दस्त, निघतो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दप्तरे उघडली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. जुन्या वकिलांच्या वाड्यांत असे गठ्ठे अजून माळ्यावर पडून आहेत. धारूर, केज, अंबाजोगाई, माजलगाव इथल्या वकील संघांना माझी कळकळीची विनंती आहे. आपापल्या गावच्या जुन्या वकिलांच्या घरी जा, मिसली (दाव्यांच्या फायली), रोजनिशा, 1948 च्या बहिष्काराची पत्रके, जे असेल ते उतरवून घ्या, त्यांचे फोटो काढून ठेवा. उर्दू वाचणारे वृद्ध अजून आपल्यात आहेत, तोवर हे काम करून घ्या.