परमुलखातील दुकान

व्यापाऱ्याने आपला मुलूख सोडून परक्या पेठेत दुकान थाटावे, ही गोष्ट आपणांस नवी नाही. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या पेढ्या याच रीतीने उभ्या राहिल्या. परंतु एकाच मालकीची किरकोळ विक्रीची दुकाने देशोदेशी पसरावीत, हा प्रकार निराळा होय. अशी दुकाने आता आपल्या शहरांतही आली आहेत. म्हणून ती इतक्या दूर का येतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण, घरची पेठ अपुरी पडणे. स्वीडनमधील ‘आयकिया’ ही पेढी इंग्वार कांप्राड यांनी १९४३ साली काढली आणि १९५८ साली फर्निचरचे मोठे दुकान उघडले. त्या वेळी त्या देशाची लोकवस्ती सुमारे पाऊण कोटी होती. एवढ्या गिऱ्हाइकीवर वाढीस मर्यादा पडणार, हे उघड होते. १९६३ साली नॉर्वेत, १९७३ साली स्वित्झर्लंडमध्ये व १९७४ साली पश्चिम जर्मनीत तिची दुकाने निघाली.

दुसरे कारण, घरचे निर्बंध. फ्रान्समध्ये लहान दुकानदारांच्या रक्षणार्थ १९७३ साली रॉयर कायदा झाला. ठरावीक आकाराहून मोठ्या दुकानास स्थानिक समितीची परवानगी लागू लागली. ‘कारफूर’ या फ्रेंच पेढीने त्याच सुमारास स्पेनमध्ये व १९७५ साली ब्राझीलमध्ये पाऊल टाकले. घरचे दार अरुंद झाले की व्यापारी वेस ओलांडतो.

तिसरे कारण, खरेदीचे बळ. अनेक देशांसाठी एकदम माल मागविला म्हणजे भाव उतरतो. शिवाय एका देशातील मंदी दुसऱ्या देशातील तेजीने भरून निघण्याची आशा असते.

तथापि भांडवल असले म्हणजे यश आलेच, असे नाही. अमेरिकेतील ‘वॉलमार्ट’ने १९९१ साली मेक्सिकोत स्थानिक भागीदार घेऊन व्यापार सुरू केला, तेथे तिचा जम बसला. तीच पेढी १९९७ साली जर्मनीत गेली. तेथे ‘आल्डी’, ‘लिडल’ यांची स्वस्ताई लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. अमेरिकी रीतीही तेथील गिऱ्हाइकांना रुचल्या नाहीत. अखेर २००६ साली तिला तेथून काढता पाय घ्यावा लागला.

‘आयकिया’ने ९ ऑगस्ट २०१८ रोजी हैदराबाद येथे भारतातील पहिले दुकान उघडले, तेव्हा आपल्या उपाहारगृहातून गोमांस व डुकराचे मांस वगळून शाकाहारी पदार्थांना स्थान दिले. परक्या पेढीलाही इथल्या माणसाचा आचार ओळखावा लागतो, हे यावरून दिसते. एकाच नाममुद्रेच्या अशा दुकानांत परदेशी भांडवल ५१ टक्क्यांहून अधिक असल्यास मालाच्या मूल्यापैकी ३० टक्के खरेदी भारतातून करण्याची अट सरकारने घातली आहे. म्हणजे त्यांच्या येण्यात आपल्या कारखानदारांस संधीही आहे.

ज्या ज्ञानासाठी या पेढ्या भांडवल खर्ची घालतात, ते आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीने लाभले आहे. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा उपवास आहे, कोणाची पत किती, हे आपणांस विचारावे लागत नाही. त्या ओळखीस चोख वजन, एक भाव व नीट हिशेब यांची जोड आपण दिली, तर शेजारी कितीही मोठे दुकान उघडो, आपल्या दुकानाची पायरी ओस पडणार नाही.