जुन्या पिकअपला जड ॲक्सल बसवला, पण ब्रेकचं काय?

नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ आहे. सूत्र मुलांना पाठ होतं, पण ते कुठे लागतं हे कळत नाही. आपल्या तेरखेड्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर, त्याचं उदाहरण रोज डोळ्यांसमोरून जातं: जुनी पिकअप.

महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे जीपच्याच सांगाड्यावर मालवाहू गाड्या आल्या. आजही हौशी लोक अशा गाड्या सांभाळतात आणि त्यांना जास्त ताकदीचे ॲक्सल, ब्रेक बसवतात. यात नेमकं काय बदलतं?

ॲक्सल. हलक्या गाडीत बहुधा चाक थेट शाफ्टच्या टोकाला असतं. शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो तुटला तर चाकच निखळू शकतं. जड गाडीच्या 'फुल फ्लोटिंग' ॲक्सलमध्ये चाकाचा हब बाहेरच्या हाउसिंगवर, दोन बेअरिंगवर बसतो. वजन हाउसिंग पेलतं, शाफ्ट फक्त फिरवतो. खांद्यावर ओझं घेऊन दोर ओढणारा एक माणूस आणि दोन्ही कामं वाटून घेणारी दोन माणसं, एवढाच हा फरक.

ब्रेक. ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेची उष्णता करणारं यंत्र. 2,000 किलोची गाडी ताशी 60 किमी वेगात असेल, तर ½mv² नुसार ऊर्जा होते सुमारे 2.78 लाख ज्यूल. वेग 30 केला तर ऊर्जा निम्मी नाही, पाव होते.

आता घाट घ्या. हीच गाडी 100 मीटर उंचीवरून खाली आली, तर mgh नुसार 19.6 लाख ज्यूल! म्हणजे ताशी 60 वरून सात वेळा थांबण्याइतकी ऊर्जा. येडशीचा घाट कुणी नुसत्या ब्रेकवर उतरला तर ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते, पायाखाली ब्रेक असूनही गाडी थांबत नाही. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकायचा, म्हणजे इंजिनही गाडीला धरून ठेवतं.

जुन्या विलिज जीपचे ड्रम 9 इंची होते. 11 इंची बसवले की तेवढ्याच दाबात सुमारे 22 टक्के जास्त आघूर्ण मिळतं आणि तापायला धातूही जास्त असतो. पण टायर मोठे घातले तर हा फायदा तिथेच खर्च होतो. फक्त मागचे ब्रेक कडक केले तर आणखी पंचाईत. ब्रेक दाबताच वजन पुढे झुकतं, हलकी झालेली मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच वाट असायची. एक पाइप फुटला की सगळंच गेलं. त्यामुळे दुहेरी मास्टर सिलिंडर ही पहिली सुधारणा हवी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ॲक्सल बदलला म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही. चेसिस, पाटे, स्टिअरिंग जुनंच असतं. आरसी बुकावरचं एकूण वजन तेच राहतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आधी आरटीओत विचारावं लागतं. जादा भाराला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. दंड भरता येतो, पण न थांबलेली गाडी कुणाच्या तरी लेकरावर जाते.

वर्गासाठी उपक्रम: मुलांना घरच्या किंवा शेजारच्या मालवाहू गाडीच्या आरसीवरून रिकामं वजन आणि एकूण वजन लिहून आणायला सांगा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे कायदेशीर भार. मग 50 किलोची किती पोती बसतात ते काढू द्या आणि संध्याकाळी तो आकडा घरी वाचून दाखवायला सांगा. वडील एरवी ऐकणार नाहीत, पण लेकीने मांडलेलं गणित नक्की ऐकतील.