खुर्सीपारात मारवा अर्धा तास आधी येतो

पुण्याच्या मित्राशी फोनवर माझं भांडण लागतं ते नेहमी एकाच गोष्टीवरून. मी म्हणतो, "मारवा लावलाय." तो म्हणतो, "अरे, अजून ऊन आहे!" ऊन त्याच्याकडे असतं. इथे भिलाईच्या खुर्सीपारात सूर्य केव्हाच बुडालेला असतो. पुणे साधारण ७३.९ अंश रेखांशावर, भिलाई ८१.४ वर, आणि एका अंशामागे चार मिनिटं. घड्याळ दोघांचं एकच, पण सूर्य त्याला कुठे विचारतो? मारवा हा सूर्यास्ताचा राग, म्हणून आमच्याकडे तो पुण्याच्या अर्धा तास आधी येतो. शास्त्राला धरून.

दर रविवारी आम्ही चार-पाच जण जमतो आणि आपापलं लाडकं ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या गळी उतरवायचा प्रयत्न करतो. कोणी स्टील प्लँटातून निवृत्त, कोणी अजून पाळीवर. रागांचं वेळापत्रक आठ प्रहरांचं आणि कारखान्याचं तीन पाळ्यांचं, तेव्हा आमच्यातला एक जण नाइट करून आला की भैरव ऐकत झोपतो. जागं करणारा राग त्याला अंगाईला चालतो. यावर शास्त्रकारांनी काही लिहून ठेवलेलं मला तरी सापडलं नाही.

अमीर खाँ की वसंतराव?

हा आमचा कायमचा खटला. उस्ताद अमीर खाँच्या मारव्याची एलपी म्हणजे एक बाजू, वीसेक मिनिटं. त्या वीस मिनिटांत ते घाई कशी ती करत नाहीत. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच फिरत राहतात, पंचम रागात नाहीच, आणि षड्जावर यायचं एवढं लांबवतात की ऐकणाराच अवघडून बसतो. सा लागला की खोलीतले सगळे एकदम श्वास सोडतात. मी मोजून पाहिलंय, सगळे म्हणजे सगळे. एकजण तर चहाचा कप तोंडाजवळ नेऊन थांबलेला असतो.

दुसऱ्या बाजूला वसंतराव देशपांडे. तिथे मारवा अंगावर येतो, वळणं घेतो, मध्येच चमकून दिसेनासा होतो. लाहोरला उस्ताद असद अली खाँनी त्यांना महिनोन्महिने एकच राग शिकवला, मारवा, असं सांगतात. एक राग नीट आला की बाकीचे त्याच्या मागून येतात, हा त्यातला हिशोब. वसंतरावांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. त्यामुळे आमच्यातले विदर्भातून आलेले दोघे निकाल आधीच लावून बसलेले असतात. "आपला मानूस हाय जी तो," एवढ्यावर त्यांचा युक्तिवाद संपतो. त्यातून वसंतरावांनी मिलिटरी अकाउंट्समध्ये कैक वर्षं कारकुनी केली. हजेरी लावून गाणं सांभाळणारा माणूस पाळीवाल्यांना जवळचा वाटणारच.

जाता जाता: मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे सूर तेच. तीच सहा माणसं, पण बिऱ्हाडं तीन, आणि प्रत्येक घरात कर्ता वेगळा.

तबकडी आपल्याच रानातली

जुनी ७८ ची तबकडी कशाची असते, हे आमच्या बैठकीत नव्या माणसाला हटकून विचारलं जातं. तो म्हणतो प्लास्टिक. चूक! ती चपड्याची. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जो राळेसारखा थर चढवतात, ती लाख. छत्तीसगड आणि झारखंड ही आजही देशातली लाखेची मोठी राज्यं. चपड्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून, तापवून, दाबून तबकडी छापायची. पडली की बांगडीसारखी फुटायची ती याचमुळे. लाखेची बांगडी आणि अब्दुल करीम खाँची भैरवी, दोघी एका माहेरच्या.

दुसऱ्या महायुद्धात चपड्याची अशी टंचाई झाली की अमेरिकेत काही दुकानांत नवी तबकडी हवी तर जुनी परत आणा म्हणत. जुन्या गाण्याचा लगदा करून त्यावर नवं गाणं! आमच्यातल्या संग्राहकाला हे सांगितलं तेव्हा त्याने आपली ट्रंक पायाने जरा आत सरकवली.

तीन मिनिटांचा खयाल

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. तासभर राग रंगवणाऱ्यांनी तेवढ्यात काय करायचं? काहींनी नाक मुरडलं. काहींनी आलाप गुंडाळला, बंदिश म्हटली, चार ताना फेकल्या आणि उठले. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रणं केली, त्यात गौहर जान होती. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव पुकारते. पुष्कळांना तो तोरा वाटतो. पण मेणावरची मूळ मुद्रणं जायची जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला कुठली बाई कुठली हे कळणार कसं? नाव पुकारणं म्हणजे पार्सलावरचा पत्ता. आपल्याकडे तबकड्या छापायचा कारखाना कलकत्त्याला सियालदाला निघाला तो १९०८ मध्ये.

त्या तीन मिनिटांना कमी लेखू नका बरं. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक पोरगा १९३३ मध्ये घरातून पळाला. वय अकरा. पुढे तो भीमसेन जोशी झाला.

ज्याला हरवता येत नाही असं ध्वनिमुद्रण

आमच्या बैठकीतल्या एका काकांची युक्ती सांगतो. वाद हरायला लागले की ते डोळे मिटतात आणि म्हणतात, "भास्करबुवांची सर नाही हो." भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, त्यांचंही तेच. म्हणजे ज्यांच्या शिष्यांची ध्वनिमुद्रणं आपण जिवापाड जपतो, त्या गुरूंचा आवाज कुणाकडेच नाही. न ऐकलेल्या गाण्याशी तुलना कशी करणार? काका दर वेळी जिंकतात.

केसरबाई आणि परग्रहवासी

अल्लादिया खाँच्या शिष्या केसरबाई केरकर. जन्म गोव्यातल्या केरीचा, स्वभाव कडक, रेडिओचं वावडं. गाणं ऐकायचं तर समोर येऊन बसा, हा बाणा. आणि विधीचा खेळ पाहा. १९७७ मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी चढवली, तिच्यावर हिंदुस्थानी संगीताचा नमुना एकच: केसरबाईंची 'जात कहाँ हो', भैरवी, साडेतीन मिनिटं. ती जुनी तबकडी शोधता शोधता मंडळी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात पोचली होती. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. आज व्हॉयेजर १ पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरपेक्षाही लांब आहे. जिने रेडिओला नकार दिला, तिचा आवाज सर्वांत दूर.

एक धोका मात्र आहे. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे. कुणा परग्रहवासीयाने आपल्यासारखीच ३३⅓ ची कळ दाबली, तर वेग दुप्पट आणि केसरबाई बरोबर एक सप्तक वर. तिकडच्या समीक्षकांचं घराण्याबद्दल काय मत होईल?

गवयाची पट्टी की यंत्राची?

हसण्यावारी नेऊ नका, निम्मे वाद इथेच मिटतात. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर एका अर्ध्या स्वराने चढतो. काळी एक होते पांढरी दोन. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्याच, कुठली ७६ ची, कुठली ८० ची. "तरुणपणी त्यांचा आवाज किती चढा होता!" असं कोणी गहिवरून म्हणालं की आधी यंत्राकडे बघावं. कॅसेटचं उलटं. सेल उतरले की गवई खर्जाचा रियाज करायला लागायचा.

आणखी एक खूण. जुन्या मुद्रणाची तारीख कळत नसेल तर साथीला काय आहे ते ऐका. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. म्हणून त्या काळातल्या रेडिओच्या गाण्यात बहुधा नुसती सारंगी असते. पेटी वाजली तर "हे तेव्हाच्या रेडिओवरचं आहे" म्हणणाऱ्याला चहा पाजायला लावावा.

'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) सगळ्यांकडे असते, त्यावर भांडण होत नाही. संतूर, बासरी, गिटार सगळ्यांना पाठ. तबल्यावर कोण? इथे निम्मे गप्प. माणिकराव पोपटकर. आणि ती एलपी घडवणारे एचएमव्हीचे जी. एन. जोशी म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच.

शेजारची गंगा

आम्ही सारखे पुण्या-मुंबईकडे बघतो, पण दुर्गच्या पलीकडे खैरागड आहे. तिथल्या राजा-राणीची मुलगी इंदिरा लहानपणीच गेली. तिच्या नावाने त्यांनी राजवाडा संगीताला देऊन टाकला. १९५६ मध्ये तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं. सुरुवातीच्या वर्षांत कुलगुरू कोण, तर श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. भातखंड्यांचे पट्टशिष्य, फैयाज खाँकडे शिकलेले. म्हणजे भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, त्याच्या आधीच इकडे आग्रा घराण्याचा तवा चुलीवर चढलेला होता.

आणि हे वेड एकट्या-दुकट्याचं नाही. मुंबईत १९९० मध्ये तबकडीवेड्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काढली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले पदार्थविज्ञानाचे माणूस डॉ. सुरेश चांदवणकर हे या सोसायटीचे चिटणीस होते. तबकडीवरचे क्रमांक, लेबलांचे रंग, कोणत्या बाजूला काय, यावर सोसायटीचं नियतकालिक पानंच्या पानं लिहायचं. आमच्या घरच्यांना वाटतं आम्हीच विचित्र आहोत. त्यांना ते अंक दाखवायला हवेत.

मालगाडी समेवर

शेवटी माझ्या हुकमाच्या पानाबद्दल. रेडिओवरच्या एका रात्रीच्या मैफलीची मी घरी कॅसेट भरली होती, टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून. घरात कुणी भांडं पाडायचं नाही, अशी सक्त ताकीद. तीच मैफल भिलाईच्याच सेक्टरमधल्या एकाने चांगल्या यंत्रावर तारेने जोडून भरलेली. त्याची कॅसेट धुतल्यासारखी स्वच्छ. माझ्यात पंख्याची घरघर, आणि विलंबित ऐन रंगात आलेला असताना मुंबई–हावडा लाइनवरून मालगाडीची शिटी. ती शिटी नेमकी समेवर आली आहे. सुरातही आहे, गंधाराच्या जवळपास.

परवा दोन्ही कॅसेटी पाठोपाठ वाजवल्या. सेक्टरवाला माझी ऐकून गप्प बसला. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "काहून जी, या शिटीवाल्याची कॉपी भेटंल का?"