विभाज्यता आणि संभाव्यता : आधी मोजणी, मग सूत्र

संभाव्यता शिकवताना नाणी, फासे व पत्ते यांचीच उदाहरणे बहुधा दिली जातात. विभाज्यतेचे उदाहरण आले की विद्यार्थी सूत्राची घाई करतात आणि चुकतात. चूक नेमकी कोठे होते, हे रस्त्यावरील एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

गोव्यात डिचोली येथे नोंदणी झालेल्या वाहनांवर ‘जीए-०४’ ही खूण असते. मालिकेचे अक्षर सोडल्यास पुढील क्रमांक ०००१ ते ९९९९ असतात. म्हणजे एकूण शक्यता ९,९९९. त्यांतून एक क्रमांक यादृच्छिक रीतीने निवडला, तर त्यास ९ ने निःशेष भाग जाण्याची संभाव्यता किती? ९ च्या पटी १,१११ आहेत, म्हणून उत्तर बरोबर १/९ येते. ४ च्या पटी मात्र २,४९९ आहेत. ९,९९९ ला ४ ने निःशेष भाग जात नसल्याने येथे उत्तर १/४ पेक्षा किंचित कमी येते.

आता ४ व ६ या दोहोंनी भाग जाण्याची संभाव्यता पाहू. विद्यार्थी १/४ व १/६ यांचा गुणाकार करून १/२४ लिहितात. तसे असते तर असे क्रमांक सुमारे ४१६ भरले असते. प्रत्यक्षात ते ८३३ आहेत. ४ व ६ यांत २ हा सामाईक अवयव असल्याने त्यांचा लसावि १२ आहे. म्हणून उत्तर १/१२ च्या जवळ जाते. ४ व ९ सहमूळ आहेत. तेथे ३६ च्या पटी २७७ मिळतात आणि गुणाकाराचे १/३६ हे उत्तर जवळजवळ जुळते. ४ किंवा ६ ने भाग जाणारे क्रमांक काढताना २,४९९ व १,६६६ यांच्या बेरजेतून दोनदा मोजलेले ८३३ वजा करावे लागतात, उरतात ३,३३२.

‘यादृच्छिक’ या शब्दाकडेही लक्ष वेधावे. काही जण अंकांची बेरीज ९ यावी म्हणून जादा शुल्क भरून पसंतीचा क्रमांक घेतात. असे सर्व क्रमांक ९ ने विभाज्य असतात. त्यामुळे रस्त्यावर दिसणाऱ्या वाहनांना १/९ हे उत्तर लागू पडेलच असे नाही.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या ‘हर्षद’ संख्या येथे उपयोगी पडतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या ती हर्षद, उदाहरणार्थ, १८. १ ते १०० मध्ये अशा ३३ संख्या आहेत, म्हणून संभाव्यता ३३/१००. येथे भाजक संख्येगणिक बदलत असल्याने गुणाकाराचा नियम लावता येत नाही. शिक्षकांनी ही यादी वर्गात करून घ्यावी आणि त्यानंतरच सूत्राकडे वळावे.